चिटणीस मॅडमची पाटी

चिटणीस मॅडमकडे कोणी गेलं तर त्या मान वर करत नसत. उजवा हात कीबोर्डवर, डावा हात हवेत आणि त्या हाताचं एक बोट दाराकडे. दाराच्या फळीला खिळा ठोकून एक पाटी लटकवलेली होती. लाकडी चौकटीची, शाळेतली दगडी पाटी. खाली दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. बोटाचा अर्थ एवढाच की, जे काय असेल ते तिथे लिहा आणि जा. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना फार गर्व आहे. जुन्यांनाही तेच वाटायचं, फक्त ते बोलून दाखवत नसत. मी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं आणि त्यातली पहिली दोन वर्षं त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांचा भांग माझ्या जास्त ओळखीचा होता.

आमचं ऑफिस उज्जैनला फ्रीगंजात, एका नमकीनच्या दुकानावरच्या मजल्यावर. चारच्या सुमाराला खालून शेव तळल्याचा वास यायचा आणि सगळ्यांचं लक्ष उडायचं, मॅडम सोडून. आम्ही सगळे मिळून सात जण. गोदामं, कारखाने, दवाखाने यांच्यासाठी धोक्याची सूचना देणारी यंत्रं आम्ही बनवायचो. यंत्राचे मालक संजय भैया, यंत्राचा मेंदू चिटणीस मॅडम, आणि हमाली माझ्यासारख्यांची.

काम काय होतं ते आधी सांगून टाकतो, कारण त्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत. यंत्रातला प्रोसेसर आपल्या कामात असतो. मध्येच एखादा सेन्सर त्याला हाक मारतो: गॅस सुटला, दार उघडलं, गरम झालं. प्रोसेसर हातातलं काम तिथेच टाकून धावतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. धावून गेल्यावर त्याने काय करायचं हे ज्यात लिहिलेलं असतं तो प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो आम्ही लिहायचो. ऐकायला सोपं आहे. पण एका हाकेला ओ देत असताना दुसरी आली तर काय, तिसरी आली तर काय, यात माणसाचे केस पांढरे होतात. मॅडमचे झालेच होते.

त्यांचा नियम एका ओळीचा होता. "दार उघड, निरोप लिहून घे, दार लाव. गप्पा नंतर." ड्रायव्हरने हाकेच्या वेळी कमीत कमी काम करावं, बाकीचं सावकाश मागून करावं, हा या धंद्यातला सर्वमान्य धडा आहे. फरक इतकाच की, बाकीचे लोक तो कॉम्प्युटरला लावतात, मॅडमनी तो स्वतःला लावून घेतला होता. फोन आला की "ऐकलं. लिहिलं. अर्ध्या तासात करते," की फोन बंद. पाटीवरचा निरोप त्या एका चिठ्ठीवर उतरवायच्या आणि मग पाटीवरची तेवढीच ओळ बोटाने पुसायच्या. चिठ्ठी टेबलावरच्या तारेला खोचायची, काम झालं की तिच्यावर लाल रेघ. पूर्ण पाटी ओल्या फडक्याने पुसायची परवानगी कोणालाही नव्हती. झाडणाऱ्या कमलाबाईंनी एकदा स्वच्छतेच्या भरात ती पुसली, तेव्हा मॅडम पहिल्यांदा केबिनबाहेर येऊन प्रत्येकाला विचारत फिरल्या, "तू काही लिहिलं होतंस का?"

माझा इंटरव्ह्यूही असाच झाला होता. मी सांगलीचा. वडिलांची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही इकडे आलो. मी जय्यत तयारी करून गेलो होतो, आणि मॅडमनी विचारलं, "पोह्यांची फोडणी तडतडून राहिली आहे. दाराची बेल वाजली. काय करशील?"

"गॅस बंद करून दार उघडीन."

"दाराशी बोलून राहिलास, तेवढ्यात फोन वाजला."

"दारातल्याला थांबायला सांगीन."

"आणि आता शेजारीण ओरडली की, तुमच्या टाकीचं पाणी वाहून जातंय."

मी वैतागून म्हणालो, "आईला हाक मारीन."

मॅडम हसल्या. त्या हसल्या की, चष्मा नाकावरून खाली यायचा. "खरं बोललास. उद्यापासून ये."

त्यांचं घर माधव नगरात. चिटणीस आडनाव ज्या काळातलं, त्या काळात पूर्वज मराठी दरबारात पत्रं लिहायला म्हणून इकडे आलेले. मॅडम पुण्यात वीस वर्षं नोकरी करून परतल्या त्या थोरल्या भावासाठी. दादांनी उभा जन्म कापडाच्या मिलमध्ये मागांच्या खडखडाटात काढला होता आणि त्यात कान गेले. घरीही पाटी होती, त्यांच्याशी बोलायला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बेल दाबली तर आवाजच नाही. आत एक बल्ब मात्र फडफडला. मॅडमनी बेलची तार बल्बला जोडून दिली होती. दादांनी दार उघडलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वसू, तुझा सांगलीवाला आला."

इथल्या लोकांच्या एका वाक्याशी मॅडमचं हाडवैर होतं. "हो गया समझो." माळव्यातला माणूस मनाने गोड. नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येतं. गाडी दुरुस्त झाली का? हो गया समझो. नळवाला येतोय का? आ गया समझो. एकदा एसीवाल्याने असं म्हटलं, तेव्हा मॅडम त्याला म्हणाल्या, "भैया, समझने का काम मेरा है, वो मैं कर लूँगी. आप बस ये बताओ, हुआ या नहीं?" तो बिचारा खरंच विचारात पडला. पण खरं सांगायचं तर तोवर ते वाक्य माझ्याही तोंडात बसलं होतं. मी मराठीत म्हणायचो, "झालं समजा, मॅडम."

माझं दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा, मार्चमध्ये, आम्हाला गावाबाहेरच्या एका कोल्ड स्टोरेजचं काम मिळालं. बटाट्याचं कोल्ड स्टोरेज म्हणजे एक प्रचंड अंधारी इमारत. चार चेंबर्स, प्रत्येकात लाकडी माच्यांचे चार मजले, आणि आत जायला-यायला एकेकच दार. थंडावा येतो तो अमोनियाने. तो वायू गळला तर डोळे आणि घसा जाळतो, जास्त असेल तर माणूस दारापर्यंत पोचत नाही. पाठीवर पोतं घेऊन चौथ्या मजल्यावर चढलेल्या हम्मालाला तर वेळच नाही. म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीत आणि चेंबरमध्ये गॅसचे सेन्सर, दारांना दाराचे सेन्सर, आणि बाहेर सायरन. सगळे सेन्सर एकाच तारेवरून हाक मारणार. ड्रायव्हर मी लिहिला होता.

काम सोपवण्याच्या आधीच्या मंगळवारी ऑफिसात मी एकटाच चाचणी घेत होतो. गॅसच्या सेन्सरपुढे अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा धरायचा, सायरन वाजतो का पाहायचं. वाजत होता. एकदा मी एका हाताने बोळा धरला आणि दुसऱ्या हाताने दाराचा सेन्सर उघडला. सायरन वाजला नाही. पुन्हा केलं, वाजला. पुन्हा, वाजला. वीस वेळा वाजला.

मी मॅडमच्या केबिनपाशी गेलो. सांगायचंच होतं मला. त्या कामात होत्या. डावा हात वर झाला आणि बोट पाटीकडे गेलं. मी पेन्सिल हातात घेतली. पाटीवर दोन ओळी आधीच होत्या. ये-जा करणारे सगळे ती वाचत, संजय भैया तर सगळ्यात आधी. 'सायरन एकदा वाजला नाही' हे तिथे, माझ्या अक्षरात, सगळ्यांसमोर? एकदाच तर झालं होतं. बोळा सुकला असेल. मी लिहिलं: 'कोल्ड स्टोरेज टेस्ट झाली. ओके. अभय.' आणि खाली शेव खायला गेलो. त्या शेवेची चव मला अजून आठवते, कारण ती लागलीच नाही.

शनिवारी सकाळी आम्ही साइटवर पोचलो. फाटकाबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग लागली होती. उन्हात बटाटा तापत होता. चाळीसेक हम्माल सावलीत बसले होते. मालकांना सगळे सेठजी म्हणत. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "मैडम, बस आप एक बार बजा के दिखा दो, लोडिंग चालू करें."

वाजवून दाखवलं. सायरन असा कडाडला की बाहेरचे बैल बिथरले. सेठजी खूश. मी लॅपटॉप बंद करायला लागलो.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "लोडिंगच्या वेळी दारं सारखी उघडून राहणार. तसं करून बघू."

त्यांनी कॉम्प्रेसरवरच्या म्हाताऱ्या गेंदालालला दारापाशी उभं केलं, मला बोळा दिला आणि स्वतः वही घेऊन बसल्या. त्याने दार उघडायचं-मिटायचं, मी बोळा धरायचा, सायरन वाजला की वहीत एक रेघ. दहा झाले. वीस झाले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सगळ्यांना वाटत होतं ते अमोनियाचं. प्रत्येक वेळी सायरन वाजला की मी मनात म्हणायचो, बस, आता पुरे करा. सेठजी घड्याळ बघत होते.

अडतिसाव्या वेळी सायरन वाजला नाही.

सगळ्यांनी सायरनकडे पाहिलं. मी म्हणालो, "मॅडम, बोळा सुकला असेल."

मॅडमनी माझ्या हातातून बोळा घेतला आणि स्वतःच्या नाकाशी नेला. झटक्यात मान मागे गेली. बोळा सुकलेला नव्हता. "अभय," त्या म्हणाल्या, "हे अगोदर कधी झालं होतं?"

"नाही, मॅडम."

हे मी म्हणालो. त्याला आता किती वर्षं झाली, तरी ते दोन शब्द मला कोणाला सांगताना तोंड खाली घालावं लागतं.

सेठजींचा गोडवा संपत आला. "मैडम, सैंतीस बार बजा ना? एक बार में क्या रखा है? अब तक तो सायरन था ही नहीं, तब भी काम चलता था."

"तब कैसे चलता था?" मॅडमनी विचारलं.

उत्तर गेंदालालने दिलं. "मैं बैठता था ना, मैडम. मशीन के पास स्टूल पे. गैस की बास आई तो ये सरिया पटरी पे ठोकता था, सब बाहर." तीस वर्षं त्याचं तेच काम होतं. भिंतीला रुळाचा तुकडा टांगलेला होता, शेजारी सळई. आता सायरन आला म्हणून सोमवारपासून त्याला वजनकाट्यावर पाठवायचं ठरलं होतं.

मॅडम उठल्या. "सेठजी, तुमच्याकडे धोका सांगणारा एक माणूस होता. आमचं यंत्र त्याच्या जागेवर येणार, आणि ते अडतीसमधून एकदा झोपतं. माणसं आत जाऊ द्यायची असतील तर गेंदालालजी स्टुलावर बसतील. नाहीतर मी या दारातून हलणार नाही." घाईत त्या हे मराठीतच बोलून गेल्या, पण सेठजींना ते बरोबर समजलं. त्यांनी संजय भैयांना फोन लावला. संजय भैयांनी मॅडमना लावला. मॅडम म्हणाल्या, "ऐकलं. लिहिलं," आणि फोन पर्समध्ये टाकला. हम्माल उठून जवळ आले. त्यांना पोत्यामागे मजुरी, दिवस बुडत होता, आणि ही कोण बाई दार अडवून उभी आहे हे त्यांना कळेना. एकजण बराच चढ्या आवाजात बोलला. मॅडमनी दाराची कडी धरून ठेवली होती. पाच फुटांची बाई.

शेवटी गेंदालालच स्टूल घेऊन आला आणि रुळाखाली बसला. सळई मांडीवर ठेवली. मॅडमनी कडी सोडली. कॉम्प्रेसर धडधडू लागला, आणि हम्माल पोती घेऊन एकामागून एक अंधारात शिरू लागले.

मी बटाट्याच्या पोत्यावर बसून माझा ड्रायव्हर वाचत होतो. एकेक ओळ बरोबर दिसत होती. दारातून पावलं आत जात होती आणि मी प्रत्येक जोडी मोजत होतो. कॉम्प्रेसर वार्षिक दुरुस्तीनंतर आज पहिल्यांदाच चालू झाला होता. गळायचा तर तो आजच गळेल, हे मला ठाऊक होतं. आत चाळीस माणसं. बाहेर एका म्हाताऱ्याचं नाक. मॅडम माझ्या शेजारी बसून तोच प्रोग्रॅम छापील कागदावर वाचत होत्या. अर्धा तास गेला. मग एक अगदी तरुण हम्माल आमच्या समोरून पोतं घेऊन गेला आणि जाता जाता मॅडमकडे बघून हसला, झालं गेलं विसरून. मला ते सोसवलं नाही.

"मॅडम, मी खोटं बोललो. मंगळवारी एकदा झालं होतं."

त्यांनी कागदावरून डोळे काढले नाहीत. "कसं झालं?"

"एकटा सेन्सर असताना नाही. त्याच क्षणी मी दार उघडलं होतं."

"त्याच क्षणी? आधी नाही, मागून नाही?"

"त्याच क्षणी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पाटीवर लिहायचा धीर झाला नाही."

मॅडमनी पर्समधून एक कोरी चिठ्ठी काढली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि घडी करून ठेवली. माझा गुन्हा नोंदला गेला, असं मी समजलो. मग त्यांनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "त्याच क्षणी म्हणालास ना, मग हे इथे आहे. बघ काय करून ठेवलंस."

सेन्सर हाक मारतात तेव्हा यंत्रात एका जागी त्याची खूण उमटते, दाराची वेगळी, गॅसची वेगळी. ती एक छोटी पाटीच. माझा ड्रायव्हर ती वाचायचा, दार उघडलं असेल तर त्याची लांबलचक नोंद तिथेच करत बसायचा, आणि मग पूर्ण पाटी पुसून मोकळा व्हायचा. नोंद करत असतानाच, म्हणजे आपल्या लेखी त्याच क्षणी, गॅसची खूण उमटली तर ती न वाचताच पुसली जायची. गॅसचा सेन्सर मर्यादा ओलांडली की एकदाच हाक मारायचा. पुसली की गेली. मग गॅस कितीही सुटो, यंत्राच्या लेखी सगळं ठीक. कमलाबाईंनी फडका मारला होता तेच मी केलं होतं, आणि कमलाबाईंना निदान कोणी शिकवलं नव्हतं.

दुरुस्ती चार ओळींची होती. जी खूण वाचली तेवढीच पुसायची, नोंद मागून करायची. त्यानंतर आम्ही संध्याकाळपर्यंत तीच चाचणी घेत राहिलो. या वेळी बोळा मॅडमनी धरला. वहीत शंभराच्या वर रेघा झाल्या, एकही चुकली नाही. निघताना मॅडमनी सेठजींकडून कबूल करून घेतलं की, स्टूल तिथून हलणार नाही. पावसाळ्यात माल काढताना एका व्हॉल्व्हपाशी खरंच गळती झाली. सायरन आणि गेंदालालचा रूळ एकदमच वाजले, असं सेठजींनी फोनवर सांगितलं. सगळे बाहेर आले होते.

मॅडम मला रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. ती चिठ्ठी त्यांच्या तारेला खोचलेली मला रोज दिसायची, घडी केलेली, लाल रेघ नसलेली. मागून दुसऱ्या चिठ्ठ्या यायच्या, रेघ ओढून जायच्या. ही तिथेच. दुसरी एक गोष्ट झाली होती, पण तिचा संबंध मी त्या चिठ्ठीशी लावला नाही. साइटवरून परतल्यावरच्या सोमवारी ऑफिसात आलो तर दारावर पाटी नव्हती, नुसता खिळा. मला वाटलं, फुटली असेल.

वर्षभराने दादांना एकटं ठेवणं अवघड झालं आणि मॅडमनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी टेबल आवरायला मी गेलो होतो. त्या चहाला खाली गेल्या असताना मी ती चिठ्ठी उघडली. दुसऱ्याची चिठ्ठी वाचणं वाईट, पण एक वर्ष ती मला टोचत होती. त्यात माझ्या खोटेपणाबद्दल अक्षर नव्हतं. लिहिलं होतं: 'मंगळवारी अभय दारात उभा होता. मी मान वर केली नाही.'

मी तिची घडी होती तशी केली आणि तारेला लावून ठेवली. खाली जाऊन मॅडमसमोर चहा प्यालो. 

मला पुण्याला नोकरी लागली तेव्हा गाडीच्या आधी तासभर मी माधव नगरात गेलो. ती आमची शेवटची भेट. बेल दाबली. आत बल्ब फडफडला. दार उघडंच होतं. मॅडम पुढच्या खोलीत पाठमोऱ्या बसून कसलासा छोटा बोर्ड जोडत होत्या. एका हातात सोल्डरिंगची कांडी, दुसऱ्यात चिमट्याने धरलेली केसाएवढी तार. जोड निम्मा झाला होता. असलं काम मध्येच सोडलं की वाया जातं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. म्हणून मी चपला काढून उंबऱ्यात गुपचूप उभा राहिलो.

त्यांनी कांडी खाली ठेवली. तार सुटून बोर्डावर पडली. चष्मा वर करून त्या वळल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ये, अभय. बोल."